हेल्मेटवरचा टॅग

कपातला चहा आधी संपवा, नाहीतर हसताना नाकातून येईल आणि दोष मला द्याल. मी किती शहाणी आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. आज माझा मूर्खपणा ऐका.

भूकंपात घर गेलं तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो. मदत वाटायला साहेब लोक यायचे. काहीही मागायला गेलं की एकच उत्तर, "बाई, तुम्हाला लागत नाही, मालकाला पाठवा." ताडपत्री लागत नाही, कार्ड लागत नाही, घराच्या कागदावर नाव तर मुळीच लागत नाही! त्या दिवसापासून मी नेम केला. जे लागत नाही म्हणतील, ते आधी घ्यायचं. मदतीच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, भांडून घर नावावर केलं. पुढं लातुरात आले आणि कोचिंगच्या पोरींची खानावळ काढली. मालक गेले, त्यांची मोटारसायकल राहिली. ती लागत नाही म्हणाले सगळे, म्हणून तीही शिकले.

आता टोलनाका. चारचाकीवाल्यांच्या काचेवर टॅग असतो, यंत्र टूं करतं, दांडा वर होतो. जणू सलामच. आणि मोटारसायकलवाले? कडेच्या बोळातून, शेळ्यांसारखे. रोज बघून माझं डोकं फिरायचं. एके दिवशी नाक्याजवळच्या टॅगवाल्याकडं गेले. माझी गाडी बघून तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला लागत न्हाई."

झालं! पुढं तो बरंच काही सांगत होता. मी ऐकलं असेल तर शपथ.

माझी एक जीप आहे, खानावळीचा भाजीपाला आणायला. कागद माझ्या नावावर, चालवतो भाचा दत्ता. त्या जीपचं कार्ड त्याच्यापुढं टाकलं. ही घे चारचाकी, आता बोल. बाईच्या खाली दोन चाकं आहेत का चार, यंत्राला काय कळतंय? त्यानं मुकाट टॅग दिला आणि काचेवर लावा म्हणाला. मोटारसायकलला काच कुठली? पण हेल्मेटला असते ना! दिला कपाळावर चिकटवून.

दोन दिवसांनी आमच्या शिफाची डॉक्टरकीची परीक्षा होती. शिफा बिलोलीच्या शिंप्याची पोर, दोन वर्षं माझ्याकडं जेवली. हिशोबानं जेवायची आणि बेहिशोबी अभ्यास करायची. परीक्षेचं केंद्र नाक्याच्या पलीकडं, फाटक दीडला बंद. एक मिनिट उशीर झाला की वर्ष गेलं. बापानं रिक्षा ठरवली होती, ती मीच मोडली. म्हटलं, रिक्षा कशाला, आपल्याकडं टॅग आहे.

नाक्यावर पोचलो तेव्हा हाताशी बराच वेळ होता. शिफा मागून हळूच म्हणाली, "आजी, बाजूनं चला की." मी तिला गप्प बसवलं आणि गाडी थेट चारचाकीच्या रांगेत घातली. यंत्रासमोर मान वाकवली. दांडा ढिम्म. पुन्हा वाकवली. अहो, सासूपुढं कधी वाकले नव्हते, साहेबांपुढं वाकले नव्हते, आणि त्या डबड्यापुढं नमस्कारावर नमस्कार!

खिडकीतला माणूस डोकं बाहेर काढून बोळाकडं हात करून राहिला. मी म्हटलं, "तिकडून शेळ्या जातात. मी टॅगवाली हाय."

मागं पांढरीशुभ्र मोटार भोंगा वाजवत होती. आत कोचिंगचे एक सर, ज्यांचा हसरा फोटो लातुरातल्या दर दुसऱ्या खांबावर लटकतो. प्रत्यक्षात अजिबात हसत नव्हते. खिडकीवाला काकुळतीला आला, निदान गाडी तरी कडेला घ्या म्हणाला. शिफाला उतरवलं, गाडी कडेला लावली आणि हेल्मेट घालून पायीच पार यंत्राच्या बुडाशी जाऊन उभी राहिले. मान वाकवली.

टूं!

दांडा वर गेला. खिडकीवाला पडद्याकडं बघतो, रस्त्याकडं बघतो. "आजी, हितं जीप दावून राहिलंय. जीप कुठाय?"

मी छाती पुढं काढून सांगितलं, "मीच."

तेवढ्यात सरांची मोटार माझ्या टॅगवर सुळकन पुढं! चोर म्हणून ओरडत मी मागं धावले, तर दांडा खाली आला, नेमका हेल्मेटवर. टण्‌ आवाज झाला, रांगेतले सगळे फिदीफिदी हसले.

मागं वळून बघते तर शिफा नाही. हुज्जतीत दीड वाजायला आलेला, आणि पोरीचं वर्ष माझ्या भरवशावर!

"ती पोरगी?" खिडकीवाला म्हणाला. "तुमी उतरवलंत तवाच गेली, बोळातून, दूधवाल्याच्या मागं बसून. पोचली बी असंल." मग आवाज उतरवून म्हणाला, "आजी, मोटारसायकलला टोलच न्हाई. कधीच नव्हता."

मला वाटायचं, टॅग नाही म्हणून कडेनं हाकलतात. मी तडकले. म्हटलं, हे आधी सांगता येत नव्हतं? त्यानं बोट वर केलं. बोळाच्या तोंडावर पाटी. दुचाकी: मोफत. एकेक अक्षर माझ्या हाताएवढं. खोक्यांवर वाचायला शिकलेली बाई मी, रोज त्या पाटीखालून जात होते!

तेवढ्यात दत्ताचा फोन. तो जीप घेऊन हदगावकडं निघालेला, तिकडच्या नाक्यावर अडकलेला. "मावशी, टॅग बंद पडलाय म्हणतेत. एका गाडीला एकच टॅग, आन् ह्या गाडीचा नवा कुणीतरी दुसरीकडंच घेतलाय म्हणं. कोण असंल ओ?"

कोण असंल! मी फोन ठेवून दिला.

शिफा आता नांदेडला डॉक्टरकी शिकते. दर फोनला सांगते, आजी, भेटायला या, पण रिक्षानं.

आणि टॅग? दत्तानं जीपला टॅग घ्यायचाच सोडला. माझा काही हेल्मेटवरून निघत नाही, खरवडला तर काच जाईल. आता मी गुमान बोळातून जाते. नाक्यावर आता लांबूनही टॅग ओळखणारं नवं यंत्र आलंय. मी गेले की शेजारच्या रांगेत ते टूं करतं, दांडा वर होतो आणि तिथं जो कोणी उभा असेल तो माझ्या पैशानं फुकटात सुटतो. नाक्यावर सलाम हवा होता ना मला? मिळतो. सुटलेला प्रत्येक फुकट्या जाताना हात वर करून जातो.