पास्कलच्या बोटीचं इंजिन

त्या दिवशी सकाळीच पास्कलनं हट्ट धरला, "मला बोटीवर ने."

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर त्याची बोट पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेली, पन आत इंजिन नव्हतं. त्याच्या पोटाच्या कॅन्सरची महागडी इंजेक्शनं घ्यायला त्याच्या बायकोनं, मार्थानं, ते चोरून विकलेलं. पास्कलनं पहिल्याच दिवशी बजावलेलं, "बोटीला हात लावलास तर मी हॉस्पिटलची पायरी चढनार नाय."

बंद ठेवलेलं इंजिन खाऱ्या हवेनं जाम होतं, म्हनून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ते थोडा वेळ चालू करायचं, ही त्याची रीत. विकल्यापासून पुतन्या ऑस्कर त्या वेळेला शेजारची स्वतःची बोट चालू करायचा, पास्कलला आपलंच इंजिन वाजतंय असं वाटावं म्हनून. पास्कल खाटेवर डोळे मिटून ऐकायचा. मार्था तेवढा वेळ श्वास धरून उभी.

मागच्या आठवड्यात हॉस्पिटलकडनं नेहल नावाची पोरगी आलेली. कॅन्सरपायी घरातलं किती जातं, त्याची मोजनी करत होती. औषधं झाली, गाडीभाडं झालं, बुडालेली मासेमारी झाली.

"आणि काही विकलंत का, मावशी?"

मार्थानं खाटेकडं बघितलं. "नाय गं बाय. काय विकनार?"

आता तर डॉक्टरनी इलाजच थांबवलेला. तरी तिला एकच धास्ती, मानूस मनात राग धरून मरेल.

"अवो, आभाळ भरून आलंय. उद्या नेते."

"मग ऑस्करला बोलव."

ऑस्कर आला. मार्थानं दारातच त्याला डोळ्यानं दटावलं. पास्कलनं त्याचा हात धरला.

"मेल्या, तुझ्या इंजिनाचा आवाज फाटलाय. नोझल साफ कर. माझं कधी असं वाजलं काय?"

मार्था खाटेजवळ आली. "तुमाला... म्हायती होतं? मग हॉस्पिटलात का येत राहिलात?"

"तू येवढी भिऊन उभी असायचीस. नाय म्हनवंना." तो हसायला गेला नि खोकला लागला. "त्या पोरीला खरं सांग."

त्याच दिवशी दिवेलागनीला पास्कल गेला.

पुढच्या रविवारी मिस्साहून आल्यावर मार्थानं स्वतःच नेहलला फोन लावला. "बाय, एक इंजिन लिव. विकलेलं."

"किती किंमत आली, मावशी?"

तेवढ्यात किनाऱ्यावर ऑस्करची बोट चालू झाली. आवाज एकदम साफ.

"थांब गं जरा," मार्था म्हनाली, आनि इंजिन बंद होईपर्यंत तिनं फोन छातीशी धरून ठेवला.