एसचे पाच शब्द
"पोरगी बारावी शिकल्याली हाय म्हंता, मंग एस अक्षराचे पाच इंग्रजी शब्द सांगू द्या, अर्थासकट," मुलाचा मामा सुपारी कातरत म्हणाला, आणि कुरुंदा गावातल्या मुलगी बघायच्या बैठकीत माझ्या चुलतबहिणीने मान खाली घातली. बाहेर शेतातली हळद शिजत होती, तिचा उग्र वास घरभर भरला होता. मी पडद्यामागे चहाचा ट्रे धरून उभी होते. इंग्रजी शाळेत पाठ केलेले शब्द जिभेवर वळवळत होते. "स्टार्टर," ती हळूच म्हणाली, "विहिरीवरची मोटार चालू करायचा डबा. स्प्रिंकलर, पिकावर पाणी उडवायचं. स्प्रे, फवारणी." मामा हसला. "हे काय इंग्रजी व्हय? हे तर आमचा सालगडी बी सांगतो." मग सगळेच हसले, मुलगा मात्र मोबाईलमध्येच होता. काका कपाळ पुसू लागले, जमत आलेली सोयरीक दोन शब्दांवर अडली होती. मोठ्यांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. अजूनही हळद शिजल्याचा वास आला की माझी बोटं तो ट्रे घट्ट धरू पाहतात. मी पडदा सारला, मामांपुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "तिचे तीन बरोबर आहेत, मामा. उरलेले दोन आता नवरदेवाला सांगू द्या."