रंगुबाईचा घर क्रमांक

दिनांक १६ जानेवारी २०२४, मंगळवार. माण तालुक्याच्या पूर्व भागातील एका वाडीत त्या दिवशी तोंडाच्या कर्करोगाची घरोघर तपासणी झाली. त्या मोहिमेच्या नोंदवहीत रंगुबाई हरिबा रूपनवर, वय बावन्न, या नावापुढे दोनच शब्दांचा शेरा आहे: ‘घर बंद’. पानाच्या तळाशी गोषवारा आहे: ‘बंद घरे वजा जाता तपासणी शंभर टक्के पूर्ण.’ वाडीतील निम्म्याहून अधिक घरांना त्या दिवशी कुलूप होते. ती घरे जानेवारीत बंद का असतात, हे म्हसवडच्या बाजारातल्या कोणत्याही माणसाने सांगितले असते. मोहिमेचा महिना ठरवणाऱ्यांनी ते कोणालाच विचारले नाही.

दिवाळी झाली की माणदेशात मेंढराला काडी मिळत नाही. घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढपाळ माणसे कळपासह कृष्णाकाठाला उतरतात आणि मृगाच्या तोंडावर परततात. रंगुबाईचा जन्मही असाच वाटेवर, कराडच्या अलीकडच्या एका बांधावर झाला होता. आईने नाळ कापली, दुपारपर्यंत विश्रांती घेतली आणि संध्याकाळी पुढचा तळ गाठला. रंगुबाईला अक्षर येत नव्हते. पण दिवस मावळताना रानातून परतलेल्या दोनशे मेंढ्यांतून प्रत्येक कोकराची आई ती आवाजावरून काढून देई. जीभ टाळूला लावून ती एक लांब हाळी घाली आणि पांगलेला कळप वळे. हरिबा, तिचा नवरा, थट्टेने म्हणे, “माझं ऐकत न्हाईत, हिचं ऐकत्यात. म्हातारपणी मला बी मेंढरांसंगं वाघरीच्या जाळीत कोंडंल ही.”

अकराव्या वर्षापासून ती मिश्री लावत होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांवरून, हिरड्यांवरून फिरवायची. तिला कोणी व्यसनी म्हटले असते, तर तिने भांडण काढले असते. तंबाखू खाई तो हरिबा. ती फक्त दात घासत होती.

वाळवा तालुक्यात, इस्लामपूरपासून कोसभरावर जयराज नावाच्या बागाईतदाराच्या रानात त्यांचा तळ दरवर्षी पडे. ऊस तुटून गेला की रान खतवण्यासाठी तो मेंढ्या बसवून घेई. त्याची आई शालूबाई आणि रंगुबाई यांची वीस वर्षांची ओळख होती, आणि ती एकाच डबीतल्या मिश्रीवर टिकली होती. त्या पौषात रंगुबाईच्या डाव्या गालाच्या आत एक चट्टा उठला. झोंबू लागला की ती त्याच्यावर मिश्रीचीच चिमूट दाबून धरी. मिश्रीने जागा बधिर होते. म्हणून तिला ते औषधच वाटले.

मंगळवारनंतर दोनच दिवसांनी, गुरुवारी, तीच मोहीम जयराजच्या वस्तीवर आली. क्रांती नावाच्या आशाताईने बॅटरी लावून शालूबाईचे तोंड पाहिले.

“काकू, गालात पांढरा डाग हाय. मिश्री बंद करायची. सोमवारी मोठ्या दवाखान्यात जायचं, मी चिठ्ठी देते.”

“साठ वर्सं लावतिया, बाई. आता बंद करून दातास्नी काय सोनं लागणार हाय?” शालूबाई म्हणाली, आणि दहा पावलांवर कोकरू पाजत बसलेल्या रंगुबाईकडे तिने हात केला. “हिचं बी बघ की. गाल सुजलाय तिचा.”

क्रांतीने आधार कार्ड मागितले. रंगुबाईने पालातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड आणून दिले. क्रांतीने मोबाईलवर बराच वेळ बोट चालवले.

“मावशी, तुमचं नाव सातारा जिल्ह्यात दावतंय. इथं घर क्रमांक टाकल्याबिगर पुढचं पान उघडंना.”

“पालाला कसला आलाय नंबर?”

“त्येच की. तुमच्या गावाकडं बी हीच मोहीम हाय. तिथं करून घ्या.”

“तिथं कुलूप हाय गं. कुत्रं सुदीक आमच्यासंगं हितं आलंय.” रंगुबाईने कोकराला दुसऱ्या सडाला लावले. “मागल्या आठवड्यात जनावराचा डाक्टर आला. दोनशे मेंढरास्नी लस टोचून गेला, एकीला बी गाव इचारलं न्हाई त्यानं. मला त्यांच्यातच उभी करायची हुती.”

शालूबाई हसली. क्रांतीही हसली आणि बॅटरी विझवून पुढच्या वस्तीकडे गेली. ती वाईट बाई नव्हती. संध्याकाळपर्यंत तिला अजून सतरा घरे करायची होती.

सोमवारी जयराज आईला घेऊन गाडीने निघाला. मागची सगळी बैठक रिकामी होती. वाटेत वाघरीजवळ कुत्रे आडवे आले, तेव्हा रंगुबाईने त्याला ओढून घेतले आणि गाडीला वाट करून दिली. तूही बस, असे कोणी म्हटले नाही. तिच्याविषयी कोणाच्या मनात अढी नव्हती. मनात आलेच नाही. शालूबाईचा डाग पंधरा दिवसांत काढला गेला.

रंगुबाईने मात्र क्रांतीचा शब्द सरकारचा शब्द म्हणून धरून ठेवला. चैत्रात सोनमने, तिच्या सुनेने, सासू भाकरी दुधात विरघळवून पिते आहे हे पाहिले.

“आत्ती, भाकरी चावत का न्हाई?”

“दाढ हलतीया.”

“बघू, तोंड उघडा.”

“सासूच्या तोंडात बघतीस व्हय? गप. पावसाला गावाकडं गेलो की दावायचंच हाय. तिथं नाव हाय माझं. त्या बाईनं मोबाईलात बघून सांगितलंय.”

जूनमध्ये घराचे कुलूप निघाले. मोहीम मार्चमध्येच संपली होती, आणि उपकेंद्रातील मोबाईलवर ते पान आता उघडतच नव्हते. सोनम तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. दातांचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत, आणि ते चार दिवसांपूर्वीच येऊन गेले होते. जुलैमध्ये साताऱ्याची चिठ्ठी मिळाली. तुकडा काढून तपासणीला गेला, अहवालाला तीन आठवडे लागले. मग सांगलीकडच्या मोठ्या रुग्णालयाची तारीख मिळाली, तोवर गाल बाहेरून फुटला होता. सप्टेंबरमध्ये डावा जबडा आणि अर्धी जीभ काढली.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरुण होते आणि खरोखर हळहळले. “बाबा, जानेवारीत आणलं असतं, तर नखाएवढा तुकडा काढून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं असतं.”

“जानेवारीत तोंड उघडून बसली हुती, सायेब,” हरिबा म्हणाला. “बगणारीनं बॅटरी विझवली.”

दिवाळीनंतर कळप पुन्हा निघाला. घरी राहा म्हणून सगळ्यांनी विनवले. रंगुबाईने मानेने नकार दिला आणि घोड्यावर बसून ती निघाली. जयराजच्या रानात पहिल्याच संध्याकाळी तिने सवयीने हाळी घालायला तोंड उघडले. नळीवाटे श्वास जावा तसा आवाज आला. एकाही मेंढीने मान वळवली नाही. त्यानंतर दिवस मावळताना ती पालात तोंड फिरवून बसू लागली, आणि कोकरे सोनम लावू लागली. चुकीच्या आईला लावी, आया लाथा मारीत.

११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी रंगुबाई त्याच रानात वारली. शालूबाई उशाशी येऊन बसली. तिने कनवटीची मिश्रीची डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि उसाच्या सरीत फेकून दिली.

मृत्यू जिथे झाला त्याच गावी त्याची नोंद व्हावी, असा नियम आहे. ग्रामसेवकाने रजिस्टर उघडले. नाव, वय, नवऱ्याचे नाव झाले. पुढचा रकाना घर क्रमांकाचा होता.

“न्हाई, सायेब,” हरिबा म्हणाला. “पाल हाय.”

ग्रामसेवकाने त्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि दाखला पाच मिनिटांत दिला.

पुढच्या वर्षीचा आराखडा तयार होतो आहे. त्यातही मोहीम जानेवारीतच आहे, आणि त्यातही घर क्रमांक आहे. म्हणून मागणी आराखडा करणाऱ्यांकडे नाही, ती वाचकांनो, तुमच्याकडे आहे. वाळव्यात, कराडात, पलूसला ज्यांच्या रानात यंदा मेंढ्या बसल्या आहेत, त्यांनी आज तळावर जावे, तिथल्या प्रत्येक बाईला आपल्या गाडीत बसवावे आणि आपल्या गावच्या उपकेंद्रात न्यावे. घर क्रमांक मागितला, तर त्या जागी रेघ ओढायला सांगावे. तिचे तोंड पाहून होईपर्यंत तिथून उठू नये.