माहेरी येणारी कासवं

पालघरच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला चिंचणीची ती ग्रामसभा आठवते. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते आणि देवळासमोर आईला टेकून बसले होते. वाळत घातलेल्या बोंबलांवरून खारा वारा येत होता. ग्रामसेवक सांगत होते, कासवं जन्मली त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला येतात आणि इंजिनाच्या पंख्यात सापडतात, म्हणून खाडीच्या तोंडाशी बोटी हळू न्यायच्या, लाइफ जॅकेटही घालायचं. बाबा ताडकन उठले. "जाकीट घालू. पण हळू कशाला? भरती काय आमच्यासाठी थांबते?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "परवा लेकीला आणताना रिक्षावाल्याला काय सांगितलं तुमी? हळू चालव, पोर दोन जिवांची हाय. मग ती कासवं कुठं जातात? बाळंतपणाला माहेरीच येतात ना?" हशा पिकला, बाबा मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघत ते खाली बसले आणि बोटी हळू नेण्याच्या ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला. माझी लेक आता शाळेत जाते. अजूनही माहेरी गेले की संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी बाबांच्या बोटीचा आवाज मंदावतो, आणि तो ऐकूनच आई चहाचं आधण ठेवते.