मास्तरांनी घातलेला ब्लॉक

ऐकू कमी येणाऱ्यांची कानातली मशिनं दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली, म्हणून सगळे तिला मशीनताई म्हणत. सहा वर्षांपूर्वी तिने अशाच माणसांच्या गप्पांसाठी एक सर्व्हर सुरू केला. तो कुठल्या कंपनीचा नव्हता. असे शेकडो छोटे सर्व्हर होते. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, पण इकडचा माणूस तिकडच्याशी सहज बोलू शके. तिच्याकडे नऊशे माणसं होती आणि लक्ष ठेवायला दोन मॉडरेटर. एक निवृत्त मास्तर, ज्यांना स्वतःलाच ऐकू येत नसे, आणि एक नर्सबाई.

मंगळवारी सकाळी तिने दुकान उघडलं आणि फोनवर तक्रारींचा पाऊस सुरू झाला. मास्तरांनी शेजारचा अख्खा सर्व्हर ब्लॉक केला होता; तिकडच्या कुणाशीच आता बोलता येत नव्हतं. कारणाच्या जागी एकच शब्द: ‘पुरे.’ तासाभरात नर्सबाईंनी कुणालाही न विचारता ब्लॉक काढला. मास्तरांनी पुन्हा घातला आणि सगळ्यांसमोर लिहिलं, ‘हा तुमचा वॉर्ड नव्हे.’ मग काय, लोकांना विषयच मिळाला. दुपारपर्यंत दोन तट पडले.

त्या गदारोळात एका आईने लिहिलं, ‘गुरुवारी माझ्या मुलीच्या कानाचं ऑपरेशन आहे. ज्या तिघींशी मी रोज बोलायचे, त्या तिकडच्या. यादीतून गेल्या. आता कुठे शोधू?’

ब्लॉक काढला तरी तुटलेले संबंध आपोआप जुळत नाहीत, हे मशीनताईला पक्कं ठाऊक होतं. हातातला तिळाएवढा स्क्रू निसटला, तो काही सापडला नाही.

“दोघांचे कान उपट,” नवरा जेवताना म्हणाला.

“एकाला ऐकूच येत नाही.”

“मग बंद करून टाक सगळं. दोन घास तरी सुखाने खाशील.”

तिने ताट बाजूला सारलं. आधी दोघांचेही अधिकार काढून घेतले आणि सगळ्यांना तसं कळवलं. मग मास्तरांना व्हिडिओ कॉल लावला. ते ओठ वाचत, म्हणून ती खिडकीसमोर उजेडात बसली.

“मास्तर, नक्की झालं काय?”

त्यांनी दुसरा फोन कॅमेऱ्यासमोर धरला. शेजारच्या सर्व्हरवरचा एक माणूस तीन महिने त्यांना खाजगी निरोप पाठवत होता. मास्तरांचं बोलणं थोडं अडखळतं, शब्दांचे शेवट विरतात. त्या बोलण्याची नक्कल करून त्या माणसाने आवाज रेकॉर्ड केला होता आणि तो चारचौघांत फिरवला होता. मास्तरांना तो ऐकू येणार नव्हता. त्यांच्या नातीने ऐकला आणि रडत येऊन सांगितलं.

“मला का नाही बोललात?”

“तुमच्या डोक्याला आधीच कमी ताप आहे का? तिकडे दोनदा तक्रार केली. उत्तर नाही.”

हे तीन महिने मशीनताई रोज मास्तरांशी बोलत होती.

तिने शेजारच्या सर्व्हरच्या मालकाला सगळे पुरावे पाठवले. बुधवारी सकाळपासून जीव टांगणीला लागला. त्याने कानावर हात ठेवले तर? तिकडच्या चार हजार माणसांना एका नालायकापायी तोडायचं? की मास्तरांना सांगायचं, सोसा?

दुपारी उत्तर आलं. तिथला एक मॉडरेटर त्या माणसाचा दोस्त निघाला. तक्रारी त्यानेच दाबल्या होत्या. दोघांनाही काढलं होतं. तिने ब्लॉक उठवला, दोघांचे अधिकार परत दिले आणि नियम केला: एका माणसाला कुणीही मॉडरेटर ताबडतोब रोखू शकेल, अख्ख्या सर्व्हरसाठी मात्र ती आणि दोघे मॉडरेटर, अशा तिघांचं एकमत हवं.

नर्सबाईंनी मास्तरांना लिहिलं, “मला माहीत असतं, तर मी तसं केलं नसतं.”

“विचारलं असतंत, तर सांगितलं असतं,” मास्तरांनी उत्तर दिलं.

ऑपरेशन नीट झालं. त्या आईला तिघींपैकी दोघी सापडल्या. मास्तर मात्र तिच्या सर्व्हरवर थांबले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी अकरा माणसांना घेऊन स्वतःचा सर्व्हर थाटला. मशीनताईने थांबा म्हणून दोनदा विनवलं, तिसऱ्यांदा नाही. नव्या ठिकाणाहूनही ते इकडच्यांच्या शंकांना उत्तरं देतात, तीही सविस्तर, वर्गात शिकवल्यासारखी. फक्त नर्सबाईंच्या प्रश्नाला कधी देत नाहीत. मग ते उत्तर मशीनताई देते.