शेवटच्या कडव्यातले नाव

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता आणि आता नव्याने बसावा एवढी उमेदही उरलेली नाही. चौतीस वर्षे मी दूरध्वनी केंद्रात तंत्रज्ञ होतो. आवाज कुठून निघाला आणि कोणत्या तारेने कुठे पोहोचला, हे शोधण्याचाच मला पगार मिळत असे. तरीही लिहितो आहे, कारण माझ्या मुलाने — प्रकाशने — या संकेतस्थळावर याच चर्चेच्या धाग्यावर ‘बाबांना झालेला भास’ म्हणून एक हकीगत दिली आहे. ती चुकीची आहे.

आमचे घर जव्हारला, शिरपामाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दिवाणखान्यातल्या कपाटात राउटरशेजारी नेटवर्क स्टोरेजची पेटी आहे, दोन हार्ड डिस्कची. जुन्या कॅसेटी, फोटो, लग्नांचे व्हिडिओ... सगळे मीच तिच्यात भरले. तिथून टीव्हीवर किंवा स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर हवे ते लावता येते.

त्यात एक गाणे आहे. माझ्या सासूबाईंनी सूर्यमाळला ओट्यावर बसून म्हटलेले, नागलीच्या आवणीचे, रोपे लावताना म्हणायचे. शेवटच्या कडव्यात त्यांनी लेकीचे, म्हणजे माझ्या पत्नी हिराचे, लाडके नाव गुंफले होते — हिरू. त्या नावाने तिला दुसरे कोणी हाक मारत नसे. ते कडवे आता नाही. कार्यालयाच्या एका समारंभातले स्वतःचे भाषण मी त्याच कॅसेटवर टेप केले. सासूबाई तोवर गेल्या होत्या. हिराची मी कधी माफी मागितली नाही.

अलीकडे तिला विसर पडत चालला आहे. रोज सकाळी अकराच्या सुमारास ती म्हणते, “आईचं लावा. माझं नाव येल आता.” गाणे सुरू होते आणि नावाच्या जागी मी बोलू लागतो, ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय...’ भाषण संपेपर्यंत ती थांबते. रोज.

त्या दिवशी पेटीवर लाल दिवा लागला होता. मी ती बंद करून दोन्ही डिस्क काढल्या आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवल्या. हिरा स्वयंपाकघरात नागली निवडत होती. अकरा वाजले... आणि स्पीकरवर गाणे सुरू झाले. मी दारापर्यंत गेलो. भाषणाची जागा आली, भाषण आले नाही. सासूबाई गातच राहिल्या, ‘हिरू’ म्हणाल्या आणि मग खोकल्या. टेप करतानाही त्या शेवटी खोकल्या होत्या, हे मी पार विसरलो होतो.

प्रकाश म्हणतो, स्पीकरच्या मेमरीत गाणे साठले असेल. मान्य. पण जे फाईलमध्येच नाही, ते स्पीकरने साठवले कुठून? सूनबाई म्हणते, आईच गुणगुणत होत्या. सूनबाई तेव्हा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि हिराचा आवाज मी तिच्यापेक्षा जास्त वर्षे ऐकतो आहे. शेजारीण तर सरळ म्हणाली, “काका, सासूबाई लेकीला भेटून गेल्या, नारळ वाढवा.” मी वाढवला नाही. ज्यांनी हयातीत टीव्हीचे बटण दाबले नाही, त्या वाय-फायवरून येणार होत्या काय?

मग माझे म्हणणे काय? काही नाही. मी डिस्क बसवून फाईल तपासली, स्पीकर उघडला, राउटरची नोंद वाचली. काही सापडले नाही.

एकच साक्षीदार होती. प्रकाशसमोर मी हिराला विचारले, “तू सांग याला. गाणे अर्धेच होते ना? मी पुसले होते ना?”

एवढ्या वर्षांत हे मी प्रथमच तोंडाने कबूल केले.

ती म्हणाली, “अर्धं? कवा होतं अर्धं? आई घेते की माझं नाव.”

प्रकाश माझ्याकडे पाहून हसला. त्याच्याशी वाद घातला असता, तिच्याशी घातला नाही.

त्यानंतर तिने गाणे लावायला सांगितलेले नाही. अकरा वाजता मीच लावतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. त्या जागी अजून माझेच भाषण आहे.