घाटातला नाग

तळोदा-धडगाव जीपचा हा ड्रायव्हर प्रत्येकावर खेकसतो. टपावर गाठोडं चढवणाऱ्यावर, दार हळू लावणाऱ्यावर, शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माझ्यावरही. शाळेसाठी दर सोमवारी मला त्याच्याच जीपनं वर जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याला जरा बिचकूनच असतो.

परवा घाटात रस्त्याच्या मधोमध नाग फणा काढून उभा होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मागचा एक पॅसेंजर दगड घेऊन उतरला, तसा हाही उतरला आणि नागाकडे पाठ करून त्या माणसाच्या वाटेत उभा राहिला.

"फणा काढस म्हंजे तो भ्यायेल शे. भ्यायेलले मारस का?"

"सरक बाजूले."

"पहिले माले मार."

तो तसूभर हलला नाही. शेवटी त्या माणसानं दगड टाकला. बऱ्याच वेळानं नागानं फणा मिटला आणि तो गवतात शिरला.

आम्ही परत जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हरनं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"माले सापनं भलतं भ्याव वाटस," तो हळूच म्हणाला.

मग माझ्यावर खेकसला, "दार जोरमा लावा, गुरुजी."